टोरांटोचं वार्तापत्र : मागच्या आयुष्याची झेरॉक्स

टोरांटो, जानेवारी

हे दक्षिणेतलं शहर आहे असं आत्ता बसथांब्यावर उभ्या असलेल्या कुणाला सांगितलं, तर तो कानटोपी वर करून आपल्याकडे पाहील. पण नकाशा तसंच म्हणतो. कॅनडाचा पसारा पार ध्रुवापर्यंत गेला असला, तरी बहुतेक माणसं अमेरिकेच्या सीमेला खेटून राहतात. टोरांटो ४३ अंश अक्षांशावर, म्हणजे लंडन-पॅरिसच्या बरंच खाली, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याच्या रेषेत. त्या किनाऱ्यावरचं ऊन मात्र रेषेबरोबर इकडे आलेलं नाही. तरी एडमंटन-विनिपेगकडच्या लोकांना टोरांटोकर म्हणजे नाजूक जमात वाटते. १९९९च्या जानेवारीत इथे फार बर्फ पडला, तेव्हा महापौर मेल लास्टमन यांनी तो उपसायला लष्कर बोलावलं होतं. त्यावरून उरलेला देश अजून हसतो.

नव्याने येणाऱ्याला थंडीची धास्ती असते. ती दोन-तीन आठवड्यांत ओसरते, कारण थंडीला कपडे हे उत्तर आहे आणि ते दुकानात मिळतं. ज्याला उत्तर मिळत नाही ती अडचण वेगळीच. इथे माणूस चाळिसाव्या वर्षी उतरला तरी नवजात असतो. पुण्यात गृहकर्जाचा एकही हप्ता न चुकवलेला, कंपनीत पंधरा माणसं हाताखाली असलेला, सोसायटीचा खजिनदार, हे सगळं विमानतळावरच राहतं. मागच्या आयुष्याची झेरॉक्स इथे चालत नाही.

सुरुवात नऊ आकडी ‘सिन’ (सोशल इन्शुरन्स नंबर) क्रमांकापासून होते. तो नसेल तर नोकरी नाही, पगार नाही. विद्यार्थी किंवा तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांचा क्रमांक ९ने सुरू होतो, त्यामुळे मालकाला पहिल्या आकड्यातच कळतं की हा पाहुणा आहे. मग येतो क्रेडिट स्कोअर. वडिलांच्या पिढीने आपल्याला शिकवलं की ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही तो भला माणूस. इथे ज्याने कधी कर्ज घेतलं नाही तो संशयास्पद, कारण त्याची परतफेड कुणी पाहिलेली नाही. म्हणून नवा माणूस बँकेत पाचशे डॉलर ठेवतो, त्यांच्याच तारणावर पाचशेचं कार्ड घेतो, त्यावर दूध-पाव आणतो आणि महिनाअखेरीस आपलेच पैसे आपणच इमानेइतबारे फेडतो. असं वर्षभर केलं की तो विश्वासू ठरतो.

घर मिळवताना हाच खेळ मोठ्या आकड्यांत होतो. मालक मागतात नोकरीचं पत्र, क्रेडिट अहवाल आणि आधीच्या घरमालकाचा दाखला. तिन्ही नाहीत. ऑन्टारियो प्रांताचा कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे. अनामत म्हणून फार तर शेवटच्या महिन्याचं भाडं घेता येतं, मोडतोडीपोटी वेगळी रक्कम नाही, आणि २०१८पासून सरकारने ठरवून दिलेल्या नमुन्यातच करार करावा लागतो. चालू भाड्यात दरवर्षी किती वाढ करायची तेही सरकार ठरवतं. मात्र नोव्हेंबर २०१८नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना ती मर्यादा नाही. २०२६साठी वाढीचा हा आकडा २.१ टक्के आहे. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागणं बेकायदा, पण नवखा भाडेकरू ते ‘आपणहून’ देऊ करतो आणि मालक ते मोठ्या मनाने स्वीकारतो. कायदा पुस्तकात शाबूत, किल्ली हातात.

बहुतेकांचा पहिला पत्ता तळघराचा असतो. हात वर केला की छताला लागतो, आणि खिडकीतून अंगणातल्या गवताची मुळं दिसतात, सध्या बर्फ. वरच्या मजल्यावर पंजाबी, श्रीलंकन तमिळ किंवा फिलिपिनो कुटुंब, जे वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाच्या तळघरात होतं. हिवाळ्यात भाड्याच्या घरात किमान २१ अंश ऊब ठेवणं शहराच्या नियमाने मालकावर बंधनकारक आहे, पण ती कमी-जास्त करण्याचं यंत्र वरच्या दिवाणखान्यात असतं. कपडे धुण्याचे वार ठरलेले. फोडणी जरा कडक झाली की धुराचा भोंगा वाजतो आणि वरून पावलं धावतात. तरी या घरांवर टीका करणं मला जमत नाही. वरच्यांचे गृहकर्जाचे हप्ते खालच्यांच्या भाड्यातून जातात आणि खालच्यांना दुसरीकडे कुणी उभं करत नाही. शहर या तडजोडीवर उभं आहे.

नोकरीत या नवजातपणाचं नाव होतं ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स’ नसणं. अनुभव कॅनडातला हवा, तो नोकरीशिवाय मिळत नाही, नोकरी अनुभवाशिवाय मिळत नाही. ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३मध्येच अशी अट प्रथमदर्शनीच भेदभाव करणारी असल्याचं सांगितलं होतं. आता १ जानेवारी २०२६पासून पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांना जाहिरातीत ती घालायला मनाई झाली आहे. जाहिरातीतून अट गेली. मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून ती घालवायचं कलम कुठल्याच विधेयकात नसतं. तोवर अभियंते गोदामात खोकी उचलतात, तासाला १७.६० डॉलर या किमान वेतनावर, आणि संध्याकाळी अर्ज भरतात.

मग लोकांना नोकऱ्या मिळतात कशा? ओळखीने. हे मला इथे आल्यावर हळूहळू उमजलं आणि गंमत वाटली. वशिला हा आपल्याच मातीचा रोग, असं आपण मानत आलो. इथे एखाद्या अनोळखी व्यवस्थापकाला नम्र संदेश पाठवायचा, टिम हॉर्टन्समध्ये वीस मिनिटं कॉफी प्यायची, नोकरीचा विषय मुद्दाम काढायचा नाही, आणि दोन महिन्यांनी त्यानेच आतून आपलं नाव सुचवायचं, अशी रीत आहे. नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या संस्था हे रीतसर वर्गात शिकवतात. फरक एवढाच, की आपल्याकडे ओळख जन्माने, गावाने, जातीने आयती मिळते. इथे ती शून्यातून आणि अनोळखी माणसांशी करावी लागते. संकोची माणसाला हे फार जड जातं. पुणेकराला तर विचारूच नका.

एवढं असूनही हे शहर नवख्याला परकं वाटू देत नाही, आणि त्याचं कारण चांगुलपणापेक्षा हिशेबात जास्त आहे. २०२१च्या जनगणनेत देशभरात २३ टक्के लोक स्थलांतरित निघाले, टोरांटोत जवळजवळ निम्मे. बसमध्ये कुणी आपल्याकडे टक लावून पाहत नाही, कारण पाहणाराही बाहेरचाच. भाड्याचे ३.३० डॉलर कार्डातून गेले की दोन तास बस, ट्राम, भुयारी रेल्वे वाटेल तितक्या बदला. या दोन तासांत बाजारहाट उरकणाऱ्या गृहिणींचं नियोजन मुंबईच्या लोकलमधल्या कुणालाही पटेल. स्कारबरो भागात १९८३नंतर श्रीलंकेतल्या यादवीतून निसटून आलेल्या तमिळ लोकांनी दुकानं काढली. तिथे कढीपत्ता, तोंडली, शेवग्याच्या शेंगा आणि बर्फातली सुरमई मिळते. सुरमई मिळाल्यावर कोकणी माणसाच्या देशांतराच्या निम्म्या तक्रारी संपतात. जेरार्ड स्ट्रीटवर १९७२मध्ये एक जुनं चित्रपटगृह घेऊन तिथे हिंदी सिनेमे लावले गेले, त्याच्याभोवती साड्या-मिठाईचा बाजार वसला. आता गर्दी ब्रॅम्प्टन-मिसिसागा या उपनगरांकडे सरकली आहे. मराठी भाषिक मंडळाचे सण मात्र तिथीला नव्हे, शनिवारी येतात.

खरेदीत पहिले काही दिवस हिशेब चुकतो. फळीवरची किंमत ही नुसती सुरुवात असते, गल्ल्यावर बहुतेक वस्तूंवर १३ टक्के कर चढतो. छापील एमआरपीवर वाढलेल्या आपल्याला ही चक्क फसवणूक वाटते. एका सेंटचं नाणं २०१३मध्ये बंद झालं, तेव्हापासून रोखीचं बिल पाच सेंटांच्या पटीत येतं. चार लिटर दूध तीन पिशव्यांत मिळतं, हे पाहून मात्र घरी आल्यासारखं वाटतं. आणखी एक सुख म्हणजे इथले गोरे लोकही चपला-बूट दारात काढतात. रस्त्यावरचं मीठ आणि चिखल घरात आणायचा नाही, हे सोवळं थंडीनेच शिकवलं आहे.

‘सॉरी’ तर इतकं सर्रास, की २००९मध्ये ऑन्टारियोला कायदाच करावा लागला : माफी मागितली म्हणून दिवाणी दाव्यात ती चूक कबूल केल्याचा पुरावा धरायची नाही.

शहरात सर्वांत उदार जागा कुठली, तर सार्वजनिक वाचनालय. शंभर शाखा. भाडेकराराचा किंवा विजेच्या बिलाचा कागद दाखवला की सभासदत्व फुकट. क्रेडिट स्कोअर कुणी मागत नाही. पुस्तकं तर आहेतच, शिवाय इंग्रजी संभाषणाची मंडळं, ऊब, आणि एका कोपऱ्यात सरकारी अर्ज समजावून देणारा सल्लागार. जानेवारीच्या दुपारी तिथे आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले असतात. उन्हाळ्यात हेच लोक ऑन्टारियो सरोवराकाठी दिसतात आणि रात्री नऊपर्यंत उजेड असल्यामुळे घरी जायला कुणी तयार नसतं. आत्ता मात्र पाचच्या सुमारासच अंधारतं.

आरोग्यसेवेबद्दल भारतातून नेहमी विचारणा होते. ओहिप या प्रांतिक आरोग्य विम्याच्या कार्डासाठी नवागतांना पूर्वी तीन महिने थांबावं लागे, ती अट २०२०मध्ये गेली. इस्पितळात बिल येत नाही हे खरं. औषधं आणि दात बहुतेकांच्या बाबतीत त्यात येत नाहीत हेही खरं. आणि कायमचा फॅमिली डॉक्टर मिळणं हे घर मिळण्याइतकंच कठीण आहे; तोवर वॉक-इन दवाखाना आणि आईने सांगितलेला काढा.

अलीकडे हवा बदलली आहे. जानेवारी २०२४मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली, त्याच वर्षाच्या शेवटी कायम वास्तव्याचे आकडेही उतरवले गेले. २०२५साठी पाच लाखांऐवजी ३ लाख ९५ हजार. महागड्या घरांचा आणि डॉक्टरांच्या रांगांचा राग नव्या माणसांवर निघतो, त्यात वीस वर्षांपूर्वी नवे असलेलेही सामील असतात. तळघरांची भाडी मात्र उतरू लागली, आणि दाखल्यांचा हट्ट धरणारे मालक आता ‘आधी येऊन तर बघा’ म्हणतात.

२०२६च्या ऑक्टोबरात इथे महापालिकेची निवडणूक आहे. कायम वास्तव्याचा परवाना असलेला माणूस कर भरतो, मुलांना इथल्या शाळेत घालतो, कचरा तीन डब्यांत वेगळा करतो, पण नगरसेवक निवडू शकत नाही. त्यासाठी नागरिकत्व हवं, आणि नागरिकत्वाचा अर्ज करायला पाच वर्षांतले १,०९५ दिवस देशात काढलेले हवेत. अशांना निदान पालिकेपुरता मताचा हक्क द्या, अशी मागणी टोरांटोच्या नगरपरिषदेनेच २०१३मध्ये प्रांतिक सरकारकडे केली होती. प्रांताने अजून तो दिलेला नाही. उमेदवारांची पत्रकं मात्र तळघराच्या दारातही पडतात, आणि ती वाचून आमच्या गल्लीतले मतदार नसलेले लोकच सर्वांत जास्त वाद घालतात.