कॅप्सूलमधलं विरजण

कोझिकोडच्या भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेने उपयुक्त जिवाणू चक्क जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरले. आले, मिरी या पिकांसाठी. दिसायला ती मेडिकलमधल्या गोळीसारखी. त्यामुळे तिच्याबद्दलचे गैरसमजही गोळीचेच.

गैरसमज: कंदकूज दिसली की कॅप्सूल सोडायची.
वस्तुस्थिती: पान पिवळे पडले, खोड ओढताच हातात आले आणि कुजकट वास सुटला, म्हणजे कंद आत सडलेला असतो. तो कोणताही जिवाणू परत आणत नाही. कॅप्सूलचे काम त्याआधीचे. बॅसिलससारखे जिवाणू मुळांभोवती आधी जागा धरतात, मुळांतून पाझरणाऱ्या रसावर जगतात, पिथियमसारख्या बुरशीसदृश रोगजंतूला मारक द्रव्ये सोडतात आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. उशीर झाला की जागा रोगाने बळकावलेली असते. म्हणून बेणेप्रक्रिया आणि लागवडीनंतरची आळवणी, हीच तिची वेळ.

गैरसमज: जिवाणू म्हणजे रोग.
वस्तुस्थिती: रोगकारक जिवाणूही असतातच. मर लागलेल्या आल्याचे खोड कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. दुधासारखे धागे खाली उतरले, तर तो राल्स्टोनिया हा जिवाणू. पण विरजणही जिवाणूंचेच की!

गैरसमज: एवढ्याशा ग्रॅमभराने काय होणार?
वस्तुस्थिती: जिवाणूंच्या किलोभर पुडीत बहुतेक वजन टाल्कचे असते. कॅप्सूलमध्ये हा भार काढून टाकलेला, म्हणून एक ग्रॅमची कॅप्सूल साधारण १०० ते २०० लिटर पाण्याला पुरते. जिवाणू त्यात सुप्त राहतात, त्यामुळे ती साध्या तापमानातही टिकते. वाहतुकीचा खर्च वाचतो, हा मला यातला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

गैरसमज: एकाच टाकीत बुरशीनाशकही मिसळले तर एक फेरी वाचते.
वस्तुस्थिती: फेरी वाचते, कॅप्सूल वाया जाते. तांबेयुक्त औषधे नावाला बुरशीनाशक. जिवाणूंनाही ती सोडत नाहीत. स्ट्रेप्टोमायसीन तर जिवाणू मारण्यासाठीच बनलेले. क्लोरीनचे नळपाणीही नको, आणि उकळत्या पाण्यात विरघळवणे म्हणजे कढत दुधात विरजण लावणे.

आणि पाणी साचणाऱ्या वाफ्यात कोणतीही कॅप्सूल चालत नाही. आधी चर काढा, निरोगी बेणे निवडा. मग दुकानात गेल्यावर किमतीआधी वापराची अंतिम तारीख वाचा.