वर्गणी जाते कुठे?

"वर्गणी दीडशे, आणि राजमाचीला जायचे पुन्हा वेगळे पैसे?" मेसच्या रांगेत हे ऐकून कान किटले. ट्रेकिंग क्लबचा खजिनदार या नात्याने एकदाचं लिहूनच टाकतो.

ट्रेकचा खर्च ट्रेकमधूनच निघतो. एसटी, गावातलं पिठलं-भाकरी, जे होईल ते माणशी वाटून. वर्गणी लागते ती सामानाला. यंदा ६४ सभासद, म्हणजे ९,६०० रुपये. तंबूच्या चेन आणि प्रथमोपचार पेटी यांत २,१०० गेले. उरलेले ७,५०० दोरासाठी बाजूला ठेवलेत.

दोर आहे की! आहे, आणि दिसतो पण नवाच. पण नायलॉन कपाटात पडूनही जुनं होतं. न वापरलेला दोरसुद्धा दहा वर्षांनी बाद करा, असं बनवणारेच सांगतात. आमच्या दोराला मार्चमध्ये दहा पूर्ण होतील. साठ मीटरच्या नव्या दोराचे दुकानदाराने बारा हजार सांगितलेत. म्हणजे ४,५०० कमी.

ट्रेकमागे माणशी पन्नास जास्त घ्या, असं एकाने सुचवलं. मी नाही म्हटलं. पावसाळा संपला की ६४ चे २५ उरतात (धबधबे आटले की सभासदही आटतात!). हरिश्चंद्रगडाला थंडीत येणाऱ्या त्या २५ जणांवरच सगळा बोजा का? त्यातले ११ तर फायनल इयरचे.

तेव्हा मार्चनंतर जुना दोर फक्त तंबू बांधायला. नवा येईपर्यंत रॅपलिंग बंद. हिशेबाची वही शनिवारी रात्री मेसमध्ये असते, कुणीही चाळावी.