दंतुर पट्टा, ताणकप्पी व धारवे

डीझेल मोटारगाडीच्या एंजिनात भुजादंडाची (क्रँक दंडाची) गती कॅमदंडाला व इंधन अंतःक्षेपण पंपाला निश्चित प्रमाणात पोहोचविणारी यंत्रणा. पिंपरी (पुणे) येथे बनलेल्या टाटा इंडिका या १९९८ मध्ये सादर झालेल्या गाडीच्या १,४०५ घ. सेंमी. डीझेल एंजिनात ती आढळते. या गाडीचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. त्यामुळे उरलेल्या गाड्यांतील एंजिने आता जुनी झाली आहेत.

भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत कॅमदंडाची एक फेरी होते. पट्टा एक दात जरी सरकला, तरी अंतःक्षेपणाची वेळ चुकून एंजिन धूर सोडते व कष्टाने सुरू होते. पट्टा तुटल्यास मात्र झडपा उघड्याच राहतात आणि दट्ट्या त्यांवर आदळतो, कारण डीझेल एंजिनात संपीडन गुणोत्तर मोठे (पूर्वकोठीच्या एंजिनात सु. २२ : १) असल्याने दट्ट्याच्या माथ्यावर जागा फारच थोडी असते.

पट्टा रबराचा असून त्यात काचतंतूंच्या दोऱ्या असतात. तेलाने रबर फुगते व तीव्र घडीने दोऱ्या मोडतात. गाडी थोडीच चालली, तरी वयोमानानेही रबर कडक होते. म्हणून उत्पादकाने दिलेली किलोमीटर व वर्षे यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल, ती पाळावी लागते. दोष बहुधा पट्ट्यावर टाकला जातो. प्रत्यक्षात अनेकदा आधी निकामी झालेला असतो तो ताणकप्पीचा गोलक धारवा. तो बंदिस्त असून त्यात पुन्हा वंगण घालता येत नाही. हाताने फिरविल्यास खरखर जाणवणारा वा डगमगणारा धारवा त्याज्य होय. नवा पट्टा जुन्या धारव्यावर चढविणे ही खोटी काटकसर ठरते.

पट्टा बसविताना खुणा जुळवून ताण दिल्यावर भुजादंड हाताने, नेहमीच्या दिशेने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा तपासतात. अडथळा जाणवल्यास जोर न लावता थांबतात. सुरुवातीची ही तपासणी आरंभकाने (स्टार्टरने) करू नये.

प्रत्यावर्तक, पाण्याचा पंप इ. चालविणारा बाहेरचा पट्टा निराळा असतो. तो सैल असल्यास किंचाळतो. अति ताणल्यास प्रत्यावर्तकाचा धारवा झिजतो. डीझेल एंजिनात पेट्रोल एंजिनाप्रमाणे शोषनळीत पुरेशी निर्वात स्थिती निर्माण होत नसल्याने गतिरोधकांच्या साहाय्यासाठी निर्वात पंप लागतो. काही गाड्यांत तो प्रत्यावर्तकाच्या दंडावरच असतो. तेथे बाहेरचा पट्टा तुटला, तर थोड्याच वेळात गतिरोधक जड होतात. नवी मुंबईतील सारसोळेसारख्या खाडीकाठच्या वस्त्यांत दीर्घकाळ उभ्या गाड्यांच्या कप्प्यांच्या खाचा खाऱ्या दमट हवेने गंजतात व तो खडबडीतपणा कानशीप्रमाणे पट्टा घासतो. अशा खाचा पावसाळ्यानंतर साफ करून मगच पट्टा ताणणे इष्ट असते.