अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला, म्हणजे नेमके काय?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी आजोबांचे रक्त तपासले जाते आणि अहवालात ‘अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह’ असे शब्द दिसतात. घर हादरते, कोणी त्यांचे ताट-वाटी वेगळे काढते. हे प्रथम थांबवावे. हिपॅटायटिस ‘सी’ रक्तावाटे पसरतो. सहभोजनाने वा स्पर्शाने नव्हे. वस्तरा, टूथब्रश व नेलकटर तेवढे स्वतंत्र ठेवावेत.

ही चाचणी विषाणूचा नव्हे, तर त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेते. काहींचे शरीर पहिल्या सहा महिन्यांत विषाणूला आपणहून हुसकावून लावते; प्रतिपिंडे मात्र मागे उरतात. म्हणून ‘एचसीव्ही आरएनए’ ही दुसरी चाचणी आवश्यक ठरते. तीत विषाणू न आढळल्यास सहसा उपचारांची गरज नसते. आढळल्यास लाखांतील आकडा पाहून धीर सोडू नये. त्यावरून यकृताची हानी कळत नाही. त्यासाठी रक्ताच्या अन्य तपासण्या, सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन करतात.

उपचारांचा कालावधी या हानीवर अवलंबून असतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. सिरोसिस नसल्यास सोफोसबुविर व डॅक्लाटासविर १२ आठवडे. सिरोसिस असल्यास सोफोसबुविर व वेलपाटासविर देतात. पोटात पाणी साचण्याइतके यकृत खालावले असेल, तर जोडीला रिबाविरिन लागते. ते सोसत नसल्यास उपचार २४ आठवडे चालतात. १०० पैकी ९० हून अधिक रुग्ण बरे होतात.

सुरू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. हृदयाच्या ठोक्यांसाठी घेतले जाणारे अमिओडॅरोन सोफोसबुविरसोबत धोक्याचे ठरू शकते; आम्लपित्ताच्या काही गोळ्या वेलपाटासविरचा प्रभाव घटवतात. हिपॅटायटिस ‘बी’ची तपासणीही आधीच करून घ्यावी.

बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नयेत. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी करावी. तेव्हा विषाणू न आढळणे म्हणजेच रोगमुक्ती. त्यानंतरही पहिली चाचणी बहुधा आयुष्यभर ‘पॉझिटिव्ह’च येईल, म्हणून आरएनएचा अहवाल जपून ठेवावा. सिरोसिस असलेल्यांनी मात्र दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये.

आणि आजोबांचे ताट पुन्हा सर्वांच्या पंगतीत मांडावे. खरे तर ते कधी उचलूच नये.