एका फुग्यातून दोन सोंगं

तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीत, वेशभूषा स्पर्धेत, एकापाठोपाठ एक तीन झाशीच्या राण्या मंचावर आल्या. तिघींचे पोशाख एकाच भाड्याच्या दुकानातले. जरीचा काठ तोच, पत्र्याची तलवार तीच आणि पाठीला बांधलेलं बाळही एकाच साच्यातलं. मधली राणी माझी लेक. दुसऱ्या दिवशी तिच्या मानेवर पुरळ उठलं, कारण आतलं अस्तर आधीच्या किती राण्यांच्या घामाचं होतं कोण जाणे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. आमच्याकडे उलटं झालं होतं. पैसे गेले होते आणि सोंग काही आलं नव्हतं.

पुढच्या वर्षीपासून आम्ही मुखवटा घरी करतो. कागद, मैदा आणि एक फुगा. सहा दिवस लागतात, पण त्यातलं काम रोजचं पाऊण तास, बाकी सगळं वाळण्यात जातं. ती वाट पाहणंच मुलांना जड जातं, म्हणून वेळापत्रक आधी सांगून टाकायचं.

यात नवीन काही नाही. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात जी सोंगं नाचतात, त्यांचे बरेचसे मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात. संबळ-सनईच्या तालावर गणपती, नरसिंह, रावण अशी एकेक सोंगं रात्रभर निघतात आणि माणसाच्या डोक्याहून कितीतरी मोठा मुखवटा घालून नाचणारा थकत नाही, याचं एक कारण कागदाचं हलकेपण. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? माझी आजी कागद भिजवून, कुटून, त्यात वाटलेली मेथी मिसळून पालथ्या घमेल्यावर टोपल्या थापायची. मेथी चिकटही असते आणि कडूही, म्हणजे डिंक आणि राखण दोन्ही कामं तीच करते. त्या टोपल्यांत आमच्याकडे शेंगा राहायच्या.

आता खळ. सगळं हिच्यावर आहे, म्हणून इथे घाई नको. अर्धी वाटी मैदा अर्धी वाटी थंड पाण्यात आधी कालवून घ्यायचा, बोटाला एकही गुठळी लागता कामा नये. पातेल्यात अडीच वाट्या पाणी उकळायचं, गॅस बारीक करायचा आणि कालवलेला मैदा धारेने सोडत ढवळत राहायचं. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकला की त्याच्या गोळ्या होतात. गोळीचा बाहेरचा थर शिजून बंद होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. पिठातल्या स्टार्चचे कण साठ अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आणि दुधासारखं पांढरं मिश्रण बघता बघता काचेसारखं अर्धपारदर्शक होऊ लागतं. पोरांना स्टुलावर लांब उभं करून हा क्षण दाखवा. ढवळणं मात्र मोठ्यांनीच करायचं, कारण उकळती खळ अंगावर उडाली तर चिकटून बसते आणि साध्या पाण्यापेक्षा जास्त भाजते. कढीइतकी दाट झाली की उतरवायची, गार होताना ती आणखी आळते.

जुनी माणसं खळीत मोरचूद घालायची, कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे. लहान मुलं हात घालणार असतील तिथे ते नकोच. काही जण मीठ घालतात, पण पावसाळ्यात मीठ उलट ओल धरतं. मी लवंगेच्या तेलाचे चार थेंब घालते आणि उरलेली खळ फ्रिजमध्ये ठेवते. दोन दिवसांत संपवायची, नाहीतर आंबते.

खळ गार होईपर्यंत कागद फाडायचा. कापायचा नाही, फाडायचा. कात्रीची कड धारदार राहते आणि वाळल्यावर प्रत्येक पट्टीची रेघ मुखवट्यावर दिसते. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे सुटलेले असतात, ते शेजारच्या पट्टीत मिसळून जातात. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एका दिशेला झोपतात, त्यांच्या बाजूने तो मुकाट्याने फाटतो. हे मी सांगितलं नव्हतं, पुतण्याने दहा मिनिटांत स्वतःच शोधलं आणि मग तासभर घरात दुसरं काही चाललं नाही. पट्ट्या दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब, दोन ढीग करून: एक नेहमीच्या वर्तमानपत्राचा, दुसरा अर्थविषयक गुलाबी पेपरचा. का, ते पुढे येईल.

लेकीच्या डोक्याचा घेर दोऱ्याने मोजला, 51 सेंटिमीटर भरला. फुगा त्याहून थोडा मोठा, साठच्या आसपास फुगवायचा. गाठीची बाजू खाली करून तो एखाद्या पातेल्यात बसवला की गडगडत नाही. फुग्याला कागद चिकटू नये म्हणून तेल लावायचा मोह होतो. पहिल्या वर्षी मी खोबरेल लावलं आणि तिसऱ्या थराला फुगा फटकन फुटला. तेलाने रबर कमजोर होतं. त्यापेक्षा पहिला थर नुसत्या पाण्यात बुडवलेल्या पट्ट्यांचा द्यायचा, खळ न लावता. तो फुग्याला चिकटत नाही आणि पुढच्या थरांना आधार मिळतो.

दुसऱ्या थरापासून खळ. पट्टी खळीत बुडवायची, दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जादाची निपटून काढायची आणि फुग्यावर बसवायची. मुलांचा कल जास्त खळ लावण्याकडे असतो, त्यांना वाटतं जास्त चिकट म्हणजे जास्त पक्कं. ताकद कागदात आहे, खळ फक्त बांधून ठेवते. खाली राहिलेले हवेचे फुगवटे बोटाने मधून बाहेर ढकलायचे. एक थर पांढऱ्या पेपरचा, त्यावर एक गुलाबी, पुन्हा पांढरा. गुलाबीमधून कुठे पांढरं डोकावत असेल तर तिथे पट्टी राहिली, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं, आणि थर मोजायची जबाबदारी आपोआप त्याच्याकडे जाते. पाण्याच्या थरासकट चार थर झाले की थांबायचं.

थर एकूण आठ. ते सगळे एका बैठकीत दिले तर बाहेरून सुकतं, आतून ओलं राहतं, आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो. भाद्रपदात तर हमखास. चार थर, एक दिवस वाळवण, पुन्हा चार थर, पुन्हा दीड-दोन दिवस. पंख्याखाली ठेवायचं, उन्हात नाही. उन्हात फुग्यातली हवा प्रसरण पावते आणि ओला कागद तडकतो. उलट फुगा नुसता ठेवला तरी त्यातून हवा हळूहळू झिरपतच असते, म्हणून पहिले चार थर पहिल्याच दिवशी कडक व्हायला हवेत. टिचकी मारून पाहायचं. ओल असेल तर बद्द आवाज येतो, वाळलं असेल तर टणक.

मग फुगा सोडायचा. टाचणी मारू नका. गाठ धरून तिच्याखाली कात्रीने बारीकशी चीर द्यायची आणि हवा हळू जाऊ द्यायची. कान लावला तर आतून चर्र चर्र ऐकू येतं, रबर कागदापासून सुटत असतं. आमच्याकडे या आवाजासाठी भांडण होतं, म्हणून दोघांना दोन बाजूंनी कान लावायला देते. एकदम फोडलं तर रबर झटक्यात आत ओढलं जातं आणि कुठे कागद ओला राहिला असेल तिथे खळगा पडतो. रबराचे तुकडे लगेच गोळा करून टाकायचे, लहान मुलाच्या घशात अडकले तर जिवावर बेततं. घरात अगदी तान्हं, रांगतं मूल असेल तर फुगा नकोच. पालथ्या स्टीलच्या भांड्यावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवा आणि त्यावर थर द्या.

उरतं ते मोठ्या अंड्यासारखं कवच. त्याच्याभोवती उभा दोरा गुंडाळून पेन्सिलची रेघ मारायची आणि मोठ्यांनी कात्रीने कापायचं. दोन मुखवटे झाले. सख्खी-चुलत भावंडं असतील तर हा फारच मोठा फायदा. कापलेल्या कडेवर लगेच छोट्या पट्ट्या दुमडून चिकटवायच्या, नाहीतर थर पापडासारखे सुटू लागतात.

डोळे ही एकच जागा अशी आहे, जिथे मापात चूक करून चालत नाही. मुलं डोळे कपाळाजवळ काढतात, खरे डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर असतात. दोन बुबुळांमधलं अंतर दोऱ्याने घ्यायचं (पाच-सात वर्षांच्या मुलाचं साधारण पाच सेंटिमीटर भरतं), तेवढ्यावर खुणा करायच्या, आधी बारीक भोक पाडून मुखवटा लावून पाहायचा आणि मगच भोक चांगलं रुपयाएवढं मोठं करायचं. मुखवट्यातून समोरचं दिसतं, पायाखालचं आणि बाजूचं दिसत नाही. मंचाच्या पायऱ्या चढताना मुखवटा कपाळावर सरकवायचा, वर गेल्यावर खाली घ्यायचा, एवढी तालीम घरात करून घ्या. नाकाखालीही भोक हवं. इलॅस्टिक कानांच्या वरून, डोक्यामागे. गळ्याभोवती दोरी नको.

नाक, गाल, भुवया लगद्याच्या. कागदाचे तुकडे रात्रभर भिजवून, भरपूर पाण्यात थोडे थोडे मिक्सरमधून काढायचे, फडक्यात पिळायचे आणि खळ घालून चकलीच्या पिठाइतकं घट्ट मळायचं. नाक मोठं हवं असेल तर आत कागदाचा बोळा ठेवून वरून अर्ध्या बोटाचा थर द्यायचा. भरीव नाक आठवडाभर वाळत नाही आणि वाळताना तडकतं. कान पुठ्ठ्याचे. मुखवट्याला चीर देऊन आत सरकवले की पक्के बसतात.

आमचा वाघाचा मुखवटा इथपर्यंत आला तेव्हा त्याची एक भुवई दुसरीपेक्षा बोटभर वर होती. मी ती सारखी करायला गेले, तर लेकीने हात धरला. “आई, राहू दे. तो विचार करतोय.” त्या दिवसापासून मी लगद्याच्या वेळी चहा करायला उठते.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी पांढऱ्याचा एक हात द्यायचा, नाहीतर पिवळ्यातून कालच्या बातम्या वाचता येतात. मग पोस्टर कलर.

गंमत आहे ती वाघाच्या कपड्यांत. जुना पांढरा सुती शर्ट हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवला की वाघाचं अंग तयार. पट्ट्यांसाठी रंग नको, कपडे धुण्याच्या साबणाचं घट्ट पाणी पुरतं. ब्रशने ओढलं की पिवळ्यावर तांबडा पट्टा उमटतो. भाजीचा डाग साबण लावताच लाल होतो, तोच प्रकार: हळदीतलं पिवळं द्रव्य अल्कली लागताच लाल होतं. हळदीपासून कुंकू होतं ते याच गुणावर. पट्टा चुकला तर लिंबाचा थेंब लावा, पुन्हा पिवळं. हे कळल्यावर आमच्याकडे अर्धा डझन लिंबं संपली. तांबडेपणा टिकाऊ नसतो, पण एका कार्यक्रमापुरता पुरतो. आत बनियन मात्र घाला, साबणाने अंग खाजतं.

पुतण्याला हवा होता मावळा, म्हणजे फेटा आला. वळवळणाऱ्या डोक्यावर फेटा बांधायला जाऊ नये. डोक्याच्या घेराएवढं पातेलं पालथं घालून त्यावर बांधायचा. मुलासाठी सुती ओढणी पुरते, अडीच मीटरची. पीळ देत गुंडाळायची आणि आतल्या बाजूने चार टाके घालायचे, मग टोपीसारखा काढता-घालता येतो.

आणि वेळच नसेल तर? कोकणातला शिमग्याचा संकासुर आठवा. काळे कपडे, काळी उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. टोपी काळ्या कार्डशीटच्या शंकूची, दाढी कापसाची, पण ती चेहऱ्याला न चिकटवता फडक्याच्या पट्टीवर शिवून कानामागे बांधलेली. घुंगरं नसतील तर जुन्या किल्ल्यांचा जुडगा, आवाज तर होतोच. एका संध्याकाळीत होतो आणि मंचावर उभं राहून पाठ केलेलं भाषण म्हणावं लागत नाही, नुसतं नाचायचं असतं. लाजरी पोरंही याला तयार होतात.

तेव्हा स्पर्धा रविवारी असेल तर सोमवारी रात्री कागद फाडायला बसा. मंगळवारी बसलात तरी जमेल, लगदा थोडा कमी वापरा. गुरुवार उजाडला असेल तर सरळ संकासुर करा.