विश्लेषण : ‘लिव्ह’ गोल्फमुळे पीजीए टूरला हादरा का बसला?

व्यावसायिक गोल्फमध्ये अनेक वर्षे अमेरिकेतील पीजीए टूरचा शब्द अखेरचा होता. जून २०२२ मध्ये लंडनजवळ ‘लिव्ह’ची पहिली स्पर्धा झाली आणि या मक्तेदारीलाच आव्हान मिळाले. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीचे पाठबळ असलेल्या या लीगमध्ये ७२ऐवजी ५४ होल, ४८ खेळाडू आणि अडीच कोटी डॉलरची बक्षिसे होती. ‘कट’ नसल्याने तळाच्या खेळाडूचेही मानधन पक्के. पीजीए टूरवर मात्र पहिल्या दोन फेऱ्यांत मागे पडलेला खेळाडू सहसा रिकाम्या हाताने परततो. टूरने १७ बंडखोरांना निलंबित केले, तरी गळती थांबली नाही. भारताचा अनिर्बन लाहिरीही तिकडे गेला. अखेर जून २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी समझोत्याची घोषणा केली. मग ‘लिव्ह’चे पैसे नाकारून टूरशी एकनिष्ठ राहिलेल्यांच्या पदरी काय पडले, हा प्रश्न मात्र उरलाच.