खळ किती, कापड किती?

पनवेलच्या बाजारात आम्ही कापडाचा धंदा करतो. काही वर्षांपूर्वी एक बाई पहिल्याच धुण्यात जाळीसारखी झालेली चादर घेऊन दुकानात आल्या. काही न बोलता त्यांनी ती गादीवर पसरली. हाताला जड लागला म्हणून आम्ही तो माल उचलला होता. वजन सुताचे नव्हते, खळीचे होते. पैसे परत केले आणि खळ नीट समजून घ्यायचे ठरवले.

ही खळ बहुतेक वेळा मक्याच्या स्टार्चची असते. स्वयंपाकघरातले कॉर्नफ्लोअर ते हेच. मक्याचे पिवळे पीठ वेगळे. मका भिजवून त्यातील अंकुर, साल आणि प्रथिने वेगळी केली की हे पांढरे, बेचव पीठ उरते. थंड पाण्यात ते विरघळत नाही, तळाशी बसते. पाणी साधारण 65 ते 70 अंशांपर्यंत तापले की कण फुगून दाट होतात. म्हणून सूप, कस्टर्डसाठी ते आधी थंड पाण्यात किंवा दुधात कालवावे, नाहीतर गुठळ्या होतात. कराची हलव्याची लवचीकताही त्याचीच.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांना खळ लागतेच. ताण्याचा, म्हणजे उभा धागा फणीत घासून तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ देतात. ही फसवणूक नव्हे. विरळ कापड दाट भासावे म्हणून ती चढवली, तर मात्र फसवणूक.

व्यापारीबंधूंनी कापड दोन्ही हातांनी चोळून पाहावे; पांढरी भुकटी झडली तर सावध व्हावे. टिंक्चर आयोडीनच्या थेंबाने स्टार्च निळा-काळा होतो, पण किती आहे ते कळत नाही. चिनी माती मिसळली असेल तर तीही दिसत नाही. खरी परीक्षा तराजूची. तुकडा तोलावा, रात्रभर भिजवून गरम साबणपाण्यात धुवावा, पुरता वाळवून पुन्हा तोलावा.

घरी सुती साडी-कुर्त्याला पातळ कांजी जरूर करावी. पावसाळ्यात मात्र कांजीचे कपडे कपाटात ठेवू नयेत. बुरशी धरते, कसर लागते.

आता नव्या मालाचा नमुना आम्ही आधी धुतो, मग भाव करतो. धुतलेला तुकडाच गिऱ्हाइकाच्या हाती देतो. विक्री थोडी सावकाश होते, पण तशी चादर पुन्हा आमच्या गादीवर आलेली नाही.